आदिलशाहीवरील प्रदर्शनात पैगंबर आणि सुलतान यांच्या चित्रांचे काय करावे

गोव्यातील एखाद्या विद्यालयाने किंवा ग्रंथालयाने आदिलशाहीच्या काळावर प्रदर्शन भरवायचे ठरवले, की फोंड्याची साफा मशीद आणि पणजीचा आदिलशहाचा वाडा यांची छायाचित्रे लगेच गोळा होतात. घोडे अडते ते माणसांच्या चित्रांपाशी. पैगंबरांच्या फलकावर काय लावावे आणि सुलतानाचे चित्र लावल्यास कोणाची हरकत येईल का, हे दोन प्रश्न बैठकीत एकाच दमात विचारले जातात आणि ‘इस्लामला चित्रे चालत नाहीत’ एवढ्या एका वाक्याने दोन्ही निकालात निघतात. ते वेगळे करणे हे आयोजकांचे पहिले काम आहे, कारण पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे आणि दुसरा बऱ्याच अंशी सत्तेचा.

फलकाचा मजकूर लिहिण्यापूर्वी मूळ आधार पाहून घ्यावा. कुराणात मूर्तिपूजेचा निषेध वारंवार येतो, मात्र चित्र काढण्यावर सरळ बंदी घालणारी आयत, म्हणजे कुराणातील वचन, त्यात नाही. मनाईचा आधार मुख्यतः हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या परंपरेने आलेल्या नोंदींत आहे. सजीवांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांना कयामतच्या, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवशी त्या प्रतिमांत प्राण घालायला सांगितले जाईल, असे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या घरातील पडद्याचा प्रसंगही तेथेच आहे: चित्रे असलेला पडदा टांगलेला पाहून पैगंबरांनी नापसंती दाखवली आणि पुढे त्याच कापडाच्या उशा करण्यात आल्या. मानाने टांगलेले चित्र आणि टेकायच्या उशीवरचे चित्र यांत अनेक धर्मशास्त्रज्ञांनी जो फरक केला, त्याला या प्रसंगाचा आधार आहे. प्रदर्शनाचा फलक भिंतीवर लागतो, हे आपण विसरू नये.

पैगंबरांचे चित्र सार्वजनिक प्रदर्शनात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी चित्रे कधी काढलीच गेली नाहीत, असे मात्र लिहू नये, कारण ते खरे नाही. तब्रीझ येथे चौदाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या, इराणमधील दरबारी इतिहासकार रशीदुद्दीनच्या इतिहासग्रंथाच्या हस्तलिखितात पैगंबर चेहऱ्यासह दाखवले आहेत. तुर्कस्तानचा उस्मानी (ऑटोमन) सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी १५९४-९५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या सचित्र चरित्रात त्यांचा चेहरा पांढऱ्या वस्त्राने झाकलेला आहे. ही चित्रे दरबारी ग्रंथांच्या पानांत राहिली आणि मोजक्यांनीच पाहिली. आज सुन्नी विद्वानांचा कल बहुतांशी पूर्ण मनाईकडे आहे. इजिप्तमधील नट युसूफ वहबी यांनी १९२६ साली चित्रपटात पैगंबरांची भूमिका करण्याचे ठरवले, तेव्हा कैरोतील अल-अझहर या धर्मपीठाच्या विरोधामुळे त्यांना तो बेत सोडावा लागला. इराणच्या शिया समाजात पैगंबरांचे जावई हजरत अली आणि नातू हुसेन यांची चित्रे सर्रास आढळतात. म्हणून ‘सर्व मुसलमान मानतात की’ अशी सुरुवात टाळून कोणाचे मत कोणते, हे नेमके लिहावे.

चित्राच्या जागी ‘हिल्या’ लावावा. उस्मानी सुलेखनकार हाफिज उस्मान (१६४२–१६९८) याने रूढ केलेल्या या रचनेत मधल्या वर्तुळात पैगंबरांचे शब्दवर्णन असते आणि सभोवतालच्या चार लहान वर्तुळांत पहिल्या चार खलिफांची नावे असतात. ते फार उंच नव्हते आणि फार ठेंगणेही नव्हते, अशा हजरत अलींच्या वर्णनाचा मराठी अनुवाद खाली दिला, तर पाहणारा तेथे नक्की थांबतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते. इब्राहिम, मुसा आणि ईसा (येशू) हेही मुसलमानांचे पैगंबरच आहेत. चर्चमधील येशूचे चित्र ख्रिस्ती परंपरेच्या फलकावर योग्यच आहे; तेच चित्र इस्लामच्या फलकावर ‘हजरत ईसा’ म्हणून चिकटवू नये.

राज्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही. फक्त चित्र कोठे आणि कोणासाठी होते, हे सांगावे. खलिफा अब्द अल-मलिकच्या काही नाण्यांवर कमरेला तलवार लावून उभा असलेला खलिफा दिसतो. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे ६९६-९७ साली, नवा दिनार आला आणि त्यावरून आकृती गेली, खलिफाचे नावही गेले. उरला तो केवळ धार्मिक मजकूर आणि वर्ष. पुढे शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यातील (प्रवचनातील) आणि नाण्यावरील नाव हीच सत्तेची जाहीर खूण ठरली. याउलट उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८३० च्या दशकात आपली तसवीर सरकारी कचेऱ्यांत लावली आणि त्यावर नाराजीही उमटली.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. ती प्रथा १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (राज्यकाल १५८०–१६२७) चित्रेही पुष्कळ आहेत, पण ती हातात धरून पाहायची लघुचित्रे होती. दोन्हींची छायाचित्रे शेजारी लावताना मूळ मापे जरूर द्यावीत, नाहीतर फ्लेक्सवर दोन्ही सारखीच मोठी दिसतात आणि मुद्दाच हरवतो. एकच चित्र निवडायचे असेल, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, १६८० च्या सुमाराचे, विजापूरच्या सर्व सुलतानांना एकत्र बसवणारे चित्र घ्यावे. त्यात घराण्याचा संस्थापक युसूफ इराणच्या शहा इस्माईलकडून किल्ली स्वीकारताना दिसतो.

छपाईपूर्वी मजकुराचा कच्चा नमुना जवळच्या मशिदीच्या समितीला दाखवावा. आयत किंवा पैगंबरांचे नाव असलेला भाग फलकाच्या तळाशी, पायांच्या पातळीवर येऊ देऊ नये. प्रदर्शन उतरवल्यावर असे फ्लेक्स मांडवाला झाकण म्हणून वापरू नयेत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. ते गुंडाळून समितीच्याच स्वाधीन करावेत.