मुलांच्या तोंडी स्पॅनिश आणि केचुआ कशी रुळवावी

मी मुलांना स्पॅनिश शिकवते आणि पेरू देशाचा विषय निघाला की केचुआ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषाही सोबत घेते. पालकांना माझं कळकळीचं सांगणं एकच: सुरुवातीला वही उघडूच नका. रोमन अक्षर दिसलं की मुलं ते इंग्रजीच्या सवयीने वाचतात आणि ‘तोमाते’चं टोमॅटो होतं. आधी ऐकू द्या, मग बोलू द्या.

मी आरंभ पेरूतल्या कुस्को शहराकडच्या केचुआपासून करते, कारण तिथली निम्मी वाट मराठी मुलांच्या पायाखालची असते. त्या बोलीत ‘त’ तीन तऱ्हांचा आहे. ‘तांता’ म्हणजे एकत्र गोळा झालेलं, ‘थांता’ म्हणजे जुनं, फाटकं. हे दोन्ही मुलांना आपोआप येतात. तोंडापुढे तळहात धरायला सांगा. थ म्हणताना फुंकर लागते. तिसरा त मात्र नवा. जड वस्तू उचलताना घसा आतून मिटतो ना, तसा मिटायचा, श्वास रोखायचा आणि तोंडात कोंडलेल्या हवेवरच ‘त’ फोडायचा. टक्कन आवाज येतो, फुंकर लागत नाही. असा ‘तांता’ म्हणजे पाव! सराव आधी ‘क’वर घ्या, तो लवकर जमतो. घसा दुखायला लागला तर लगेच थांबा. पेरूतल्याच आयाकुचो भागातल्या केचुआ बोलीत हा तिहेरी भेद नाही, म्हणून रेकॉर्डिंग निवडताना ते कुस्कोकडचं आहे ना, एवढं बघा.

पडजिभेजवळून निघणारा क उर्दूतल्या ‘क़लम’सारखा. त्याच्या शेजारी इ आणि उ हे ए-ओकडे झुकतात. पेरूत 1985च्या अधिकृत वर्णमालेत स्वर तीनच ठेवले आहेत, त्यामुळे पुस्तकात ‘क़ुस्क़ु’ लिहिलेलं असतं आणि कानाला ‘क़ोस्क़ो’ ऐकू येतं. पाच स्वरांनी लिहिणारेही आहेत. मुलांनी कानावर विश्वास ठेवावा.

स्पॅनिशचं काम त्यामानाने सोपं. त, द दातांवरचे, आपलेच. एच मुका: ‘ओला’. व्ही आणि बी दोन्हींचा ब, म्हणून गाय ‘बाका’. खरी मेहनत र वर. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. यासाठी चिमणी ‘भुर्रर्र’ उडवा, जीभ थरथरू लागली की त्याच दमात ‘पेर्रो’ म्हणून घ्या.

आघाताकडे फार लोक दुर्लक्ष करतात, मी करू देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘पापा’तल्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. बटाट्याचा हा शब्द मूळचा केचुआच. केचुआत जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो: ‘वासि’ म्हणजे घर, तिथे वा वर, ‘वासिकुना’ म्हणजे घरं, तिथे कु वर. त्या अक्षरावर टाळी वाजवायला सांगा. शब्द लांबला की टाळी पुढे सरकते, हे मुलं स्वतःच हेरतात.