ॲप बनवायला शिकायचंय? कोर्सचे पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ द्या

यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या व्यापाऱ्यांना आणि दूध संस्थांना ॲप करून देणं हे माझं काम. त्यामुळे बीसीए, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली विचारत येतात, "ताई, फ्लटरचा कोणता कोर्स लावू?" फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायचं साधन. कोर्सचं नाव सांगण्याआधी मी त्यांना लॅपटॉप कोणता ते विचारते.

तुमच्याकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप असेल, तर अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) एकत्र चालवताना तो रडकुंडीला येतो. यावर सोपा मार्ग आहे: स्वतःचा फोन केबलने जोडा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करा आणि ॲप थेट फोनवर बघा. तुम्ही निवडलेल्या कोर्समध्ये हे दाखवलंय का, ते आधी तपासा. काही शिक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत मॅकबुकवर आयफोनचा सिम्युलेटरच दाखवतात. आयफोनचं ॲप बिल्ड करायला ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. कोड एकच असला तरी विंडोजवर तुमचा सराव अँड्रॉइडवरच होणार, म्हणून विंडोजवरची जोडणी नीट शिकवणारा कोर्स घ्या.

फ्लटर की त्याच कामाचं रिॲक्ट नेटिव्ह, यावर महिनाभर डोकं लावू नका. कॉलेजात जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी झाली असेल तर रिॲक्ट नेटिव्ह; नसेल तर फ्लटर. फ्लटरची डार्ट भाषा जावा शिकलेल्याला लवकर जमते. झामरिन या अशाच साधनाचे जुने कोर्स अजून स्वस्तात दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ रोजी झामरिनचा सपोर्ट बंद केला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोर्सचा कोड आज चालतो का? पानावरच्या 'अपडेटेड' तारखेवर विसंबू नका, एखादा छोटा धडा जोडला तरी ती बदलते. फुकट दाखवलेले धडे उघडा आणि पडद्यावरचा कोड वाचा. फ्लटरच्या कोर्समध्ये 'रेझ्डबटन', 'फ्लॅटबटन' दिसलं की तो धडा जुना. आता त्यांच्या जागी 'एलिव्हेटेडबटन' आणि 'टेक्स्टबटन' आहेत. 'विलपॉपस्कोप' दिसलं तर तेही मागे पडलंय, आता 'पॉपस्कोप' वापरतात. त्याहून मोठी अडचण नल सेफ्टीची (रिकाम्या, म्हणजे 'नल' माहितीमुळे ॲप कोसळू नये म्हणून डार्टने घातलेली शिस्त). ती २०२१ मध्ये डार्टमध्ये पक्की झाली आणि २०२३ मध्ये आलेल्या डार्ट ३ पासून तिच्याशिवाय लिहिलेला कोड चालतच नाही. नवशिक्याने असा कोर्स घेतला की पहिल्याच आठवड्यात लाल एररचा ढीग लागतो आणि पोरगं समजतं, आपल्यालाच जमत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष कोर्सच्या वयाचा असतो.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये सगळीकडे क्लास आणि 'धिस डॉट सेटस्टेट' असेल, तर तो २०१९ च्या आधीच्या पद्धतीचा कोर्स. हुक्स ही त्याऐवजीची नवी पद्धत तेव्हापासून आली आणि आज कामात तीच वापरतात.

शिक्षकाने कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) ठेवला असेल तर उत्तमच. तो उतरवून घ्या आणि चालवून बघा. परीक्षणं वाचताना सगळ्यात नवी आधी लावा आणि दोन-तीन ताऱ्यांची नीट वाचा. कोणता धडा अडतो, ते तिथेच कळतं.

अभ्यासक्रम बघताना आपल्याकडचं काम डोळ्यांपुढे ठेवा. बागेत केळीची कापणी चालू आहे, वजन, भाव, गाडी नंबर लिहायचाय आणि नेटवर्क नाही. नोंद फोनमध्येच राहिली पाहिजे आणि गावात आल्यावर सर्व्हरवर गेली पाहिजे. म्हणून एसक्यूलाइटसारखं फोनमधलं साठवण, एपीआय (ॲपने सर्व्हरशी बोलायची सोय) आणि लॉगिन हे तिन्ही शिकवणारा कोर्स हवा. टू-डू यादी, कॅल्क्युलेटर, हवामान असे वीस छोटे ॲप दाखवणाऱ्यापेक्षा एकच मोठं ॲप पूर्ण करून घेणारा कोर्स मी केव्हाही पसंत करीन. ॲपमध्ये भाषा बदलायची सोय कशी करतात तेही त्यात असावं. ॲप वापरणाऱ्या मुकादमाला बटणं मराठीतच लागतात.

शिकवण्याची भाषा? घरात लेवा बोली, कॉलेजात मराठी आणि कोर्स इंग्रजीत, हे आपल्याकडे नेहमीचंच. सुरुवात हिंदीतून किंवा मराठीतून करायला काहीच हरकत नाही. मात्र एरर इंग्रजीतच येते, म्हणून फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हची अधिकृत माहिती रोज एक पान वाचत जा. ती फुकट आहे. डार्टचा कोड लिहून चालवायचं डार्टपॅडही फुकट, ते ब्राउझरमध्ये चालतं. पैसे भरण्याआधी आठवडाभर त्यावर हात बसवा.

किमतीबद्दल थोडक्यात: 'सवलत आज रात्री संपणार' या घाईत पडू नका, सवलती पुन्हा येतात. नोकरीची हमी देऊन मोठी फी हप्त्यांनी मागणाऱ्यांकडून पैसे परतीची अट लेखी घ्या. ती देत नसतील, तर घरचे कापसाचे पैसे तिथे घालू नका.

शेवटचे धडेही आधीच बघा. ॲपवर डिजिटल सही कशी करायची, एएबी फाइल (प्ले स्टोअरला द्यायचं ॲपचं पॅकेट) कशी काढायची, प्ले स्टोअरवर कशी चढवायची, हे त्यात हवंच. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी ९९. नव्या वैयक्तिक खात्याला प्ले स्टोअरवर ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. जुने कोर्स हे सांगत नाहीत, कारण हा नियम १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या खात्यांना आहे. कोर्स अर्ध्यावर आला की मित्र, मामा, चुलतभाऊ यांचे जीमेल पत्ते गोळा करायला लागा, आणि १४ दिवस कोणी मधेच बाहेर पडू नका, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.