जुन्या गाडीचा ऑइलचा दिवा: निघण्याआधी आणि लागल्यावर

गणपतीला गावी निघायला आठवडा उरला की मी ही यादी काढतो. बाबांनी २००३ साली घेतलेली मारुती ८०० अजून आमच्याकडे आहे. वीस वर्षं पळालेलं इंजिन थोडं ऑइल खाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. चूक माझी झाली. दोन वर्षांपूर्वी गुहागरला जाताना हेळवाकला ऑइलचा दिवा लागला. मी थांबलो, इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पाहिली, बेताने ऑइल घातलं, आणि ऑइल घालायच्या भोकाचं झाकण न लावताच बॉनेट खाली केलं. कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या अलीकडे पोचेपर्यंत घातलेलं ऑइल तर गेलंच, होतं तेही गेलं. म्हणून पहिलाच शब्द: झाकण. ही यादी अर्धवट वाचणार असाल तरी एवढं घेऊन जा. ऑइल घातलं की झाकण.

आता घरून निघण्याआधीचं. हे आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा. गळती सापडली तर गणपतीच्या तोंडावर कुठलंच गॅरेज तुमची गाडी हातात घेत नाही. टायर, ब्रेक, वायपर, कूलंट, कागदपत्रं हे सगळे बघतातच, त्यावर मी बोलत नाही.

आधी दिवाच चालू आहे का ते बघा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखं लाल चिन्ह लागलं पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर दोनतीन सेकंदांत विझलं पाहिजे. किल्ली फिरवूनही लागत नसेल तर आनंद मानू नका. बल्ब गेलाय, वायर सुटलीय, किंवा आधीच्या कुणीतरी कटकट नको म्हणून बल्बच काढून टाकलाय. जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर हे तपासल्याशिवाय तिला हायवेवर नेऊच नका. न लागणारा दिवा सतत लागणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट.

आणि हा दिवा नेमकं काय सांगतो ते समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. जुन्या गाड्यांतला लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. इंजिनाच्या खाली ऑइल साठतं तो भाग म्हणजे चेंबर. पंप त्याच्या तळातून जाळीवाटे ऑइल ओढतो आणि इंजिनातले फिरते भाग ज्यांवर टेकतात त्या बेअरिंगांपर्यंत ढकलतो. तो दाब जवळजवळ नाहीसा झाला की दिवा लागतो. म्हणजे ऑइल थोडं कमी झालं तर दिवा गप्प असतो. तो लागतो तेव्हा ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेच्याही बरंच खाली गेलेलं असतं, नाहीतर दाबात दुसराच काही बिघाड असतो. पेट्रोलचा दिवा लागल्यावर आपण पुढच्या पंपापर्यंत जातो. तो हिशेब इथे लावायचा नाही. काही नव्या गाड्यांत पिवळा दिवा पातळीसाठी असतो, त्याला थोडा दम असतो. लाल दिव्याला नाही.

पट्टी, म्हणजे डिपस्टिक, सकाळी इंजिन थंड असताना बघा आणि गाडी सपाट जागी ठेवून बघा. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर बघितलेली पट्टी खोटं सांगते. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा, मग वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते धरू नका. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, लहान इंजिनात थोडं कमी. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तेव्हा किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर वरच्या खुणेपर्यंत यायला किती घालावं लागलं तेही लिहा. आमची गाडी हजाराला पाऊण लिटर घेत होती. गुहागर जाऊन-येऊन साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे वाटेत एकदा तरी पट्टी बघणं भागच होतं. मी पुण्याहून निघताना पातळी खालच्या खुणेजवळ असतानाच निघालो, ‘पोचल्यावर घालू’ म्हणत. तिथूनच सगळं सुरू झालं.

सोबत काय घ्यायचं. एक लिटर ऑइल, सील न फोडलेलं, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं. ग्रेड कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. आयत्या वेळी ते मिळालंच नाही तर खेड्यातल्या कुठल्याही दुकानात मोटरसायकलचं फोर स्ट्रोक इंजिन ऑइल मिळतं, २०डब्ल्यू-४० वगैरे. पेट्रोल गाडीत तेवढ्यापुरतं, गॅरेज गाठण्यापुरतं ते चालतं. टू-टी, म्हणजे टू स्ट्रोक गाड्यांचं ऑइल नको, गिअर ऑइल नको, ब्रेक ऑइल तर अजिबात नको. नरसाळं घ्या, लांब नळीचं. नसेल तर पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापलं तरी काम होतं, पण ते कोरडं हवं. जुनी सुती फडकी, दोरे न सुटणारी. टॉर्च. लाल त्रिकोण. टोचन करायचा दोर. आणि एक प्लास्टिकची पिशवी, तिचं काम पुढे येतंय.

आणखी एक गोष्ट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका: ऑइलचं जादा झाकण. आपल्या मॉडेलचं, घरीच लावून, फिरवून, घट्ट बसतंय ना ते बघून. जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ते मिळतं, आणि इंजिनकामाच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. मुख्य झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही आत्ताच बदला.

आता रस्त्यात दिवा लागला तर. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर क्षणभर लुकलुकला आणि सरळ रस्त्याला विझला, तरी ती सूचना पुरी आहे. चेंबरमध्ये ऑइल इतकं कमी आहे की गाडी कलली की जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ‘घाट संपला की बघू’ म्हणू नका. घाटात वळणंच वळणं असतात आणि प्रत्येक वळणावर बेअरिंग कोरडी घासतात. ॲक्सिलरेटर सोडा, डावीकडे या, पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबा आणि लगेच इंजिन बंद करा. ए.सी. बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू, असं काही नाही. बंद म्हणजे बंद. पण उतारावर गाडी धावत असताना किल्ली बंद करून घरंगळत जाऊ नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाते. आधी थांबा, मग बंद करा.

हँडब्रेक, चाकामागे दगड, त्रिकोण मागे लांब. माणसं गाडीतून उतरवून रस्त्याच्या आतल्या बाजूला उभी करा. पावसात, धुक्यात कोकणचे घाट कसे असतात ते माहीत असेलच.

पाच-दहा मिनिटं थांबा. वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या. तेवढ्यात गाडीखाली वाका आणि टॉर्चने बघा. थेंब पडताहेत का? कुठून? चेंबरच्या बोल्टपाशी, ऑइल फिल्टरपाशी, की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणपत्र्याच्या, कडेने ओघळ आलाय? धार लागली असेल, चेंबरला दगड लागून तडा गेला असेल, तर ऑइल घालण्यात अर्थ नाही, टोचनवाला बोलवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. ऑइलचं झाकण इंजिन बंद असताना उघडायला हरकत नाही, फक्त फडक्याने धरा.

आता झाकण उघडलं. इथे थांबा आणि वाचा. झाकण उघडताच ते बॅटरीवर ठेवू नका, एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवू नका, बॉनेटच्या कडेवर ठेवू नका. मी एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवलं होतं. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पाऊस चालू झाला, आई गाडीतून विचारत होती, झालं का रे. मी पट्टी बघितली, बरोबर आली, समाधान वाटलं आणि बॉनेट दाबलं. बरोबर आलेल्या पट्टीनेच घात केला, कारण काम संपल्यासारखं वाटलं. झाकण उघडं असलं की इंजिन फिरताना ऑइल त्या भोकातून उडत राहतं, गरम एक्झॉस्टवर पडून जळतं, आणि उतारावर पुढच्या सीटवर बसलेल्याला आधी फक्त वास येतो. वास आला होता. मला वाटलं, ब्रेक तापलेत.

म्हणून आता माझा एकच नियम आहे आणि तो मी घरातल्या प्रत्येकाला लावलाय. गाडी थांबली की किल्ली काढायची. झाकण उघडलं की ते झाकण आणि ती किल्ली एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी हातात, मनगटाला अडकवून. झाकणाला हात लावल्याशिवाय किल्ली मिळतच नाही, किल्ली मिळाल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. डोक्यावर विसंबू नका. पावसात, रहदारीत, पोरं रडत असताना डोकं चालत नाही. पिशवी चालते.

ऑइल पाव-पाव लिटरने घाला. पट्टी पूर्ण कोरडी आली असेल तर पहिल्यांदा अर्धा लिटर घाला. दोनतीन मिनिटं थांबून पुन्हा पट्टी. दोन खुणांच्या मध्ये आलं की पुरे, सगळा डबा रिकामा करायचा हट्ट नको. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, त्यात आपटून फेस करतो, फेसाळ ऑइल दाब धरत नाही, आणि जादा ऑइल सील शोधून बाहेर येतं. पट्टी पूर्ण आत दाबा, अर्धवट राहिली तर तिथूनही उडतं. नरसाळं काढा. झाकण लावा. फिरवून घट्ट झालं का, हाताने ओढून बघा. मग दुसऱ्या माणसाला बोलवून दाखवा: ‘झाकण बघ.’ त्याने हात लावून ‘आहे’ म्हटल्यावरच बॉनेट खाली.

झाकण खरंच हरवलं आणि जादाचं नसेल तर भोकात फडक्याचा बोळा कोंबून निघू नका. तो आत ओढला गेला तर दुसरं दुखणं. गाडी तिथेच ठेवा आणि झाकण आणायला कुणाला तरी पाठवा.

इंजिन सुरू करा, डोळे दिव्यावर. पाचेक सेकंदांत विझला नाही तर बंद करा. ऑइल पुरेसं आहे आणि दिवा तरी जळतोय, तर कारण पंप असेल, जाळी तुंबली असेल, बेअरिंग झिजली असतील किंवा नुसता दिवा लावणारा प्रेशर स्विच खराब असेल. ‘स्विचच असणार हो’ असं रस्त्यावरचा कुणीही सांगेल. गॅरेजमध्ये दाबाचा मीटर लावून बघेपर्यंत ते खरं धरू नका. टोचन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, जिवाला धोका असेल तर ११२. दिवा विझला पण खालून टकटक येतेय, तरीही टोचन.

सगळं ठीक वाटलं तर निघा, आणि दहा किलोमीटरवर पुन्हा थांबा. हे टाळू नका. बॉनेट उघडा, ऑइल कुठे उडालंय का बघा, झाकण बघा, पट्टी बघा. मी हेळवाकनंतर घाट लागण्याआधी एकदा थांबलो असतो तर एअर फिल्टरवर ठेवलेलं झाकण कदाचित तिथेच सापडलं असतं. थांबलो नाही. दिवा दुसऱ्यांदा लागला तेव्हा इंजिनातून खडखड येत होती. चिपळूणपर्यंत टोचन, मग इंजिन खाली, बेअरिंग गेलेली, क्रँक ग्राइंड करावा लागला. ३८ हजार रुपये. पैशाचं सोडा. चतुर्थीच्या सकाळी गावातल्या घरी प्रतिष्ठापना चुलतभावाने केली आणि आई चिपळूणच्या लॉजमध्ये फोनवर आरती ऐकत बसली. बाबा गेल्यानंतरचा तो पहिला गणपती होता.

पोचल्यावर दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पट्टी. परतीच्या आधी पुन्हा. वाटेत ऑइल विकत घेतलं तर रिकामा डबा ठेवा, मेकॅनिकला कुठलं घातलं ते कळतं.

घरी आल्यावर ऑइल कुठे जातंय ते शोधा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना किंवा घाट उतरून ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर सोडला तर बहुधा व्हॉल्व्हची सील. चढावर, जोर देताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा, तो मोठा खर्च. धूर नाही आणि पार्किंगमध्ये डाग असेल तर गळती, टॅपेट कव्हरच्या गॅसकेटपासून बघायला सुरुवात करा. झाकणाच्या आत दुधी साय दिसली तर कूलंटची पातळी बघा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही थोडी साय येते. पण कूलंट घटत असेल तर बहुधा हेड गॅसकेट गेलंय. ऑइल आणि फिल्टर बदला, ऑइल सोडायच्या बोल्टचा वॉशर नवा टाका, जुनं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या. आणि गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना, बिल देण्याआधी, बॉनेट उघडायला सांगा आणि झाकणाला स्वतः हात लावून बघा.