अक्षरांच्या आरोग्य-पोस्टरमध्ये या चुका टाळा

हात धुण्यावरच्या पोस्टरसाठी मी एकदा पंधरा ओळींचा मजकूर पाण्याच्या थेंबाच्या आकारात बसवला. थेंब देखणा झाला, कौतुकही झालं. आत काय लिहिलंय ते मात्र एकालाही सांगता येईना. तेव्हापासून पोस्टर भिंतीवर लावतो, दहा पावलं मागे जातो आणि ते आधी न पाहिलेल्या माणसाला तीन सेकंद दाखवतो. काय वाचलं, एवढंच विचारायचं. खालच्या बऱ्याच चुका तिथेच उघड्या पडतात.

'नका' हरवतो

मराठीत नकार शेवटी येतो, आणि पोस्टरवर शेवटच्या शब्दाला उरलेली जागा मिळते. 'तंबाखू' हातभर मोठं आणि खाली बारीक 'खाऊ नका' असेल, तर लांबून ती तंबाखूची जाहिरातच दिसते. 'इथे थुंकू' एका ओळीत आणि 'नका' पुढच्या ओळीत गेलं, वर दुसरा कागद चिकटला, की संपलंच. 'नका'ला क्रियापदापासून तोडू नका, त्याचा आकारही कमी करू नका. जमलं तर नकारच काढा: 'खोकला आला? कोपर तोंडाशी.'

उपदेश आहे, काम सांगितलेलं नाही

'डासांच्या उत्पत्तीस प्रतिबंध करण्याकरिता परिसर स्वच्छ ठेवावा.' वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. यातलं काहीच पोस्टरवर नको. हवं ते एवढंच: 'पाणी ओता. पिंप घासा. दर आठवड्याला.'

अक्षरं तुटतात

सर्वात जास्त पोस्टरं इथे बिघडतात, आणि बिघाड बहुधा छापून आल्यावरच कळतो.

'विषाणू'चं 'वषिाणू' झालं असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी चालू नाही. सेटिंगमध्ये ती निवडा. प्रेसच्या कॉम्प्युटरवर चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील, तर तिथे तुमचा फॉन्ट नाही. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या, पण मूळ फाइल जपून ठेवा. कर्व्ह केल्यावर साधी वेलांटीसुद्धा टाइप करून बदलता येत नाही.

शिरोरेषेत फटी पडल्या असतील, तर कुणीतरी रोमन लिपीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. ते शून्यावर आणा आणि मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमध्ये जागा सोडा. ओळी फार जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. 'होणाऱ्या'चं 'होणार्या' झालंय का, हेही डोळ्यांत तेल घालून बघा. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर वाचायला अडत नाही, पण मला खटकतं. फॉन्टमध्ये सोय असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर ते सुधारतात.

सगळा मजकूर एकाच आकारात

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या भिंतींवर लागलेलं 'सायलेन्स = डेथ' हे एड्सविषयीचं पोस्टर आठवा. काळ्यावर गुलाबी त्रिकोण, खाली दोन शब्द आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. तळाशी बारीक मजकूरही होता, पण तो जवळ येणाऱ्यासाठी. ढोबळ हिशोब असा: दर ३ मीटर अंतराला अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची वेलांटी-उकार सोडून मोजा.

हिरव्यावर लाल अक्षरं टाळा. साधारण दर १२ पुरुषांमागे एकाला हे दोन रंग वेगळे ओळखताना अडचण येते.

आकडे कुणीच वाचत नाही

प्रूफ तपासताना शब्द वाचले जातात, आकड्यांवरून नजर घसरते. जुलाबात घरी करायच्या पाण्याचं प्रमाण असं: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हा 'अर्धा' मी नेहमी अक्षरांतच लिहितो. अर्ध्याचं चिन्ह फॉन्टमध्ये नसेल तर तिथे कोरी जागा छापली जाते आणि पोस्टर 'चमचा मीठ' सांगू लागतं. लहान मुलाला ते दुप्पट मीठ महागात पडू शकतं.