कढीपत्त्यावरची अळी पाळायची असेल तर

कुंडीतल्या कढीपत्त्याच्या शेंड्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर लगेच पुसून टाकू नका. थोडं थांबा, कदाचित ती शीट पान खायला लागेल. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लिंबू, कढीपत्ता, बेल ही तिची झाडं. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, आणि त्याचीही लहान अळी अशीच दिसते. पुढची रीत दोघांना सारखीच, दिवस मात्र लिंबावरच्या फुलपाखराचे धरले आहेत.

सुरुवात अंड्यापासून करा. कोवळ्या पालवीवर एकेकटं, फिकट पिवळं, मोहरीहून जरा बारीक गोल अंडं दिसेल. आयती मोठी अळी उचलून आणण्याचा मोह टाळा. बाहेर वाढलेल्या अळीत परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीने आधीच अंडी घातलेली असू शकतात. मग महिनाभर सेवा करून कोशातून बाहेर येतात त्या माश्या. अंडं पानावरून खरवडू नका, डहाळीच कापून आणा. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते तीन-चार दिवसांत फुटतं.

खाणं. बाजारातली कढीपत्त्याची जुडी अजिबात नको, तीनदा धुतलेली असली तरी. फवारणीचा जो अंश आपल्या फोडणीत कळतही नाही, तेवढ्याने अळी काळी पडून लोंबकळते. फवारा न मारलेली एक कुंडी हाताशी असेल तरच या फंदात पडा. लिंबावर वाढलेल्या अळीला मध्येच कढीपत्ता देऊ नका, पुष्कळदा ती तोंड लावत नाही. शेवटच्या टप्प्यात अळी हिरवीगार होते आणि तिचं बहुतेक खाणं याच चार-पाच दिवसांत होतं. एका लहान कुंडीवर दोन अळ्या पुरे.

बरणी. रुंद तोंडाची बरणी, तोंडावर जुन्या ओढणीचं कापड, वर रबरबँड. झाकणाला भोकं पाडून डबा बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्यात वाफ धरते आणि लेंड्यांवर बुरशी येते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवा, नाहीतर अळी देठावरून उतरून थेट पाण्यात जाते. लेंड्या रोज झाडा. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

अळी दिवसभर हलली नाही तर ती आजारी नाही, कात टाकायच्या तयारीत आहे. कोशाआधी ती चार वेळा कात टाकते. तेव्हा ती पानावरच्या रेशमाला पायांनी घट्ट धरून बसलेली असते. ओढून काढलीत तर नंतर कातीतून सुटत नाही. चुकून धक्का लागला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हात धुवा, बाकी काही होत नाही.

खरी अडचण कोशाची. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात आणि इथेच अळ्या जातात. सुमारे दोन आठवडे खाऊन झालं की अळी एक दिवस कोरड्या लेंडीऐवजी ओला, पातळ मळ टाकते. हे जुलाब नव्हेत, पोट रिकामं करणं आहे. त्यानंतर ती खाणं सोडते, थोडी आखडते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. तिला पुन्हा पानावर ठेवत बसू नका. तिला आता काडी हवी.

काडी पेन्सिलीएवढी जाड, सालीची, तिरकी टेकवलेली आणि हलणार नाही अशी बसवा. मळ दिसल्यावर धावपळ करू नका, अळी हिरवी झाली त्याच दिवशी काडी आत ठेवा. काडी नसली तर ती गुळगुळीत काचेवर किंवा थेट कापडावर कोश करते आणि मग बरणी उघडायची सोय राहत नाही.

जागा पसंत पडली की अळी शेपटाकडे रेशमाची छोटी गादी विणते, मागचे पाय तीत रुतवते. मग डोकं मागे टाकून, डावीकडून उजवीकडे झुलत, एकावर एक धागे घालत स्वतःभोवती पट्टा बांधते. ताडावर चढणाऱ्याचा दोर आठवा, तसं ती त्या पट्ट्यावर मागे रेलून राहते. साधारण एका दिवसाने कात फाटते. त्या मिनिटभरात कोशाला शेपटीचं टोक जुन्या कातीतून सोडवून पुन्हा गादीत अडकवायचं असतं आणि सगळा भार त्या पट्ट्यावर असतो. तेवढ्यात फोटोसाठी बरणी फिरवली, काडी हलली, तर कोश खाली. पट्टा बांधल्यापासून पुढचे दोन दिवस बरणीला हात लावायचा नाही. लेंड्याही राहू द्या.

कोश पडलाच तर दोऱ्याने बांधू नका, मऊ असताना तो दबतो. एक दिवस कडक होऊ द्या. मग खरबरीत कागद बरणीत तिरका लावा आणि कोश त्याच्या पायथ्याशी टेकवून ठेवा. फुलपाखराला बाहेर आल्याबरोबर वर चढून पंख खाली लोंबते सोडता आले पाहिजेत. गुळगुळीत तळावर ते घसरत राहतं, पंख चुरगळलेलेच वाळतात आणि नंतर सरळ होत नाहीत. लिंबावरच्या फुलपाखराच्या पंखांचा पसारा आठ ते दहा सेंटिमीटर, तेवढी मोकळी जागा हवीच; ब्लू मॉरमॉनला याहून जास्त.

कोश हिरवा की तपकिरी, यावरून काळजी करू नका. ते बसल्या जागेवर ठरतं.

आठ-दहा दिवसांत कोशातून पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या सकाळी फुलपाखरू. पंख वाळायला काही तास द्या, लालसर थेंब पडले तर ते रक्त नव्हे, मग ऊन असताना सोडा.

थंडीत कोश महिना-महिना तसाच राहू शकतो, फेकू नका. हलक्या बोटाने स्पर्श केल्यावर शेपटीकडचा भाग वळवळला तर तो जिवंत आहे. ताठ, काळा, वासाचा झाला असेल किंवा बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, तर आतलं फुलपाखरू गेलं. भोक पाडून निघालेल्या बारीक गांधीलमाश्या शेजारच्या कोशांवर जाण्याआधी तो वेगळा काढा.