रहिवासी फक्त 'सगळं छान आहे' म्हणत असतील तर: माझा अनुभव

बेघरांसाठीच्या आधारयुक्त निवास प्रकल्पांना (जिथे घरासोबत मदतीच्या सेवाही मिळतात) संशोधनासाठी भेट दिली की रहिवाशांचं एकच उत्तर: "सगळं छान आहे." नाव गुप्त ठेवण्याची हमी दिली, प्रश्न बदलले; फरक नाही. फार हताश व्हायला व्हायचं.

क्रम बदलल्यावर जमलं. आधी कोरा भाडेकरार मागवून वाचला: घर टिकायला उपचार किंवा व्यसनमुक्तीची अट आहे का? ('हाउसिंग फर्स्ट', म्हणजे 'आधी घर, मग बाकी मदत' या पद्धतीत ती नसते.) मग मुलाखतींची सूचना फलकावर लावली, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी निवडलेले नव्हे, इच्छुक रहिवासी आले. कर्मचारी खोलीबाहेर, मग संमती, मग पहिला प्रश्न: "मागच्या वेळी नळ बिघडला तेव्हा काय केलंत?" मत नको, घडलेलं विचारायचं. कर्मचाऱ्यांच्या मुलाखती शेवटी. रहिवाशांचं बोलणं तिथे अजिबात काढायचं नाही; त्यांचं घर पणाला लागलेलं असतं.