मरांटाची पानं रात्री उठतात का, आणि दिवसा वळली तर काय करायचं

नर्सरीत ‘प्रेयर प्लांट’ म्हणून मिळणारा मरांटा मूळचा ब्राझीलच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. संध्याकाळ झाली की त्याची पानं उभी राहतात आणि हात जोडल्यासारखी दिसतात. सकाळी पुन्हा आडवी. कॅलेथियाही याच कुळातला. २०१२पासून त्याच्या बऱ्याच जाती गोपर्शिया या नावाखाली गेल्या, पण नर्सरीच्या पाटीवर अजून कॅलेथियाच असतो. ही हालचाल माहीत नसली की झाड सुकलं असं वाटून लोक पाणी ओततात, आणि मग मुळं कुजतात.

आधी सांधा पाहा. देठ पात्याला मिळतो तिथे थोडा फुगीर भाग हाताला लागेल. सगळी हालचाल इथून होते. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियम जातं, त्यामागून पाणी जातं आणि त्या पेशी फुगतात. समोरच्या बाजूच्या आक्रसतात. त्यामुळे पान कलतं. ही वेळ झाडाच्या आतल्या घड्याळावर ठरते. १७२९मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ द मेरां यांनी लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं ठरल्या वेळी मिटत-उघडत राहिली. पण हे घड्याळ रोजच्या उजेडाशी जुळवून घेतं. दिवाणखान्यात रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल, तर पानं उशिरा किंवा अर्धवट उठणं शक्य आहे.

तीन दिवस फोटो काढा. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊ, दर वेळी त्याच जागेवरून. फोटो बघताना एकच फरक शोधायचा: पान सांध्यातून कललंय की पातंच गुंडाळलंय? सांध्यातून उठलेलं पण सपाट पान म्हणजे निरोगी झाड. भरदुपारी पात्याच्या दोन्ही कडा आत वळून सुरळी झाली असेल तर ती तक्रार आहे. (नवं कोवळं पान सुरळीतच बाहेर येतं. ते हाताने उलगडू नका, फाटतं.)

सुरळी दिसली की मातीत बोट घाला, पहिल्या पेरापर्यंत. माती कोरडी लागली तर झाड तहानलेलं आहे. तळाच्या भोकांतून पाणी येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. माती ओली असूनही पानं वळत असतील तर पाणी बिलकुल नको. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे कोरडी गरम हवा: एसीचा झोत, किंवा मराठवाडा-विदर्भातला एप्रिल. दुसरी म्हणजे कुजलेली मुळं. रोप कुंडीतून काढून पाहा. पांढरट आणि कडक मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप नव्या मिश्रणात लावा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, परलाइट (पाणी निचरावं म्हणून घालायचे हलके पांढरे दाणे) १, गांडूळखत १. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळा. जास्तीची माती जास्त दिवस ओली राहते.

हवेसाठी दिवसातून दोनदा पाणी शिंपडणं फारसं कामाचं नाही, दमटपणा काही मिनिटांत उडून जातो. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवणं बरं. कूलर चालू असलेली खोली तर उत्तमच, फक्त झोत थेट पानांवर नको.

कडा करपल्या तर पाण्यावर संशय घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड या झाडांना सोसत नाहीत. ते पानाच्या टोकांना साचतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा उडतो, पण क्षार जागचे हलत नाहीत. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, नाहीतर आरओचं. दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू सोडून माती धुऊन काढा. खतही जपून: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, वाढीच्या दिवसांतच.

पानांची नक्षी फिकी पडली तर ऊन जास्त होतंय. पूर्वेची खिडकी किंवा पातळ पडद्यामागची जागा द्या. तापमान १८ ते २७ अंश असलं की झाड खूश असतं; १५च्या खाली कुरकुरतं.

पानावर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला नाजूक जाळी असेल तर तो लाल कोळी, रस शोषणारी बारीक कीड, कोरड्या हवेचा सोबती. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब, आधी एकाच पानावर. दोन दिवसांत डाग पडला नाही, तर संध्याकाळी पूर्ण झाडावर फवारा. अंड्यांतून नवे कोळी निघतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी, एकूण तीनदा.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. कापायचीच असेल तर तपकिरी रेघ किंचित ठेवून कापा. हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळतं. उपाय लागू पडला की नाही, हे पुढच्या नव्या पानावर बघा.